हयात व्यक्तीची शोकसभा

स्तुती ही जपून वापरायची वस्तू आहे, याबाबत मराठी समाजात दुमत नाही. लखनौमध्ये मात्र ती कशीही उधळली जाते. तिथला ई-रिक्षावाला सुट्टे परत देताना तुमच्या शर्टाची तारीफ करतो, आणि निशातगंजचा सब्जीवाला भेंडीची माहिती स्थळ सुचवल्यासारखी देतो. अशा शहरात इतकी वर्षं काढूनही श्रीपत गजभिये यांनी आपली शिस्त मोडू दिली नव्हती, हे कौतुकास्पदच. (कौतुक आम्ही करतो आहोत. त्यांच्या घरी ही पद्धत नाही.)

श्रीपतराव मूळचे भंडाऱ्याचे, नोकरी गोमती नगरातल्या एका सरकारी कंपनीत. त्यांच्या घरी कौतुकाच्या श्रेणी ठरलेल्या होत्या. "चालेल" म्हणजे उत्तम. "वाईट नाही" म्हणजे अत्युत्तम. पत्नी बेबीताईंच्या स्वयंपाकाला "आज मीठ बरोबर आहे" हा सर्वोच्च शेरा आजवर दोनदा मिळाला होता. त्यातल्या एका वेळी जेवण बाहेरून मागवलेलं होतं.

म्हणजे ते तोंड भरून स्तुती करतच नसत असं नाही. भरपूर करत, फक्त ती दिवंगतांसाठी राखीव होती. लखनौतल्या मराठी मंडळींत कोणी गेलं की शोकसभेत आदरांजलीचं मुख्य भाषण श्रीपतरावांचंच. त्या मंडळींतले हणमंतराव हयात असताना श्रीपतरावांनी त्यांना एकच वाक्य ऐकवलं होतं, "तुमची स्कूटर फार धूर सोडते." तेच हणमंतराव गेल्यावर श्रीपतराव असे काही बोलले, की आपण नेमका कोणाशी संसार केला असा प्रश्न हणमंतरावांच्या बायकोला पडला.

अशा माणसाचा एका चित्रावर जीव जडला, तिथून घोटाळा सुरू झाला.

निशातगंजात एका स्टेशनरीच्या दुकानावर तसनीम आपांची खोली होती. आपा सत्तरीच्या, जन्मभर तिथल्याच बाजाराची चित्रं काढत आलेल्या. खोलीत चित्रं मांडून बसत, येईल त्याला चहा पाजत. लोक येत, "वाह! क्या बात है!" म्हणत आणि जिना उतरत. (चित्र बघायला लागणारा वेळ आणि "वाह" म्हणायला लागणारा वेळ एकच असतो, असं आमच्या पाहणीत आढळलं.) श्रीपतराव दर शनिवारी येत, एकाच चित्रापुढे उभे राहत आणि चकार शब्द न काढता परत जात. चित्रात विशेष काही नाही. बत्ती गेलेलं दुकान, आणि ती येण्याची वाट बघत स्टुलावर बसून संत्रं सोलणारा एक माणूस. पण ते बघितलं की श्रीपतरावांना आपले जुने दिवस आठवत. लखनौत नवे नवे आले होते तेव्हा ओळखीचं कुत्रंही नव्हतं, आणि संध्याकाळी भाड्याच्या खोलीत ते अगदी असेच बसत. हे त्यांनी बेबीताईंनासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. मग या बाईंना कळलं कसं?

एका शनिवारी दारावर कागद दिसला. महिनाअखेरीस खोली कोचिंग क्लासला द्यायची, चित्रं गुंडाळायची. "देखने वाला है कौन?" आपा कोणाला तरी म्हणत होत्या. श्रीपतरावांनी ते ऐकलं. आता बोलायलाच हवं होतं. ते धीर करून आपांसमोर गेले, घसा खाकरला आणि म्हणाले, "ठीक है. फ्रेम थोड़ी टेढ़ी है." मग त्यांनी फ्रेम सरळ केली आणि घरी येऊन झालेलं सांगितलं.

"काय बाप्पा!" बेबीताईंनी कपाळावर हात मारला. "बाई दुकान बंद करून राहिली अन् तुम्ही फ्रेम सरळ करता? सांगून द्या ना सरळ, आवडते म्हणून!"

"असं कसं एकदम सांगायचं? ओळख ना पाळख."

त्यांची मुलगी शिवांगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "मम्मी, पापा सिर्फ़ मरे हुए लोगों की तारीफ़ करते हैं. छोड़ो ना."

मुलीने टोमणा मारला होता. श्रीपतरावांनी तो सूचना म्हणून दाखल करून घेतला.

पुढच्या शनिवारी ते पांढरा शर्ट घालून, पांढरी फुलं घेऊन जिना चढले. खोलीत आपा एकट्याच होत्या. फुलं टेबलावर ठेवून श्रीपतराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि मग त्यांना कोणी थांबवू शकलं नसतं. तसनीम आपा आज आपल्यात नाहीत, असं त्यांनी खणखणीत आवाजात जाहीर केलं. (आपांनी चहाचा कप खाली ठेवला.) निशातगंज रोज सगळेच बघतात, पण ते दाखवलं आपांनी. बत्ती गेल्यावर माणूस किती एकटा असतो ते त्या संत्र्यावाल्याच्या पाठीत दिसतं. "वो आदमी मैं था," श्रीपतराव म्हणाले, आणि त्यांना खरोखरच रुमाल काढावा लागला. "मुझे लगा था, किसी ने नहीं देखा."

शेवटी प्रथेप्रमाणे त्यांनी सर्वांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची विनंती केली. सर्व म्हणजे आपाच. त्या उभ्या राहिल्या. स्वतःच्या शोकसभेत स्वतः स्तब्ध उभं राहिल्याचं आमच्या माहितीतलं हे पहिलंच उदाहरण.

दोन मिनिटं झाल्यावर आपांनी ओढणीने डोळे पुसले आणि त्या इतक्या हसल्या की खालचा स्टेशनरीवाला जिन्यात आला.

"अब जब इंतक़ाल हो ही चुका," स्वतःच्या मृत्यूची नोंद घेत त्या म्हणाल्या, "तो कमरा ख़ाली करने की जल्दी क्या है?" आणि त्यांनी उठून दारावरचा कागद काढला.

श्रीपतराव तरंगतच घरी आले. बेबीताईंनी ताट वाढलं. वांग्याची भाजी अप्रतिम झाली होती. त्यांनी घास गिळला, ताटावरून उठून ते ताठ उभे राहिले आणि घसा खाकरला.

"खबरदार!" बेबीताई ओरडल्या. "मी जिवंत आहो अजून!"

श्रीपतराव खाली बसले. "मीठ बरोबर आहे," ते म्हणाले.

वाचकांनी त्यांना हसू नये. ही गोष्ट आवडलीच, तर तुम्हीही "बरी आहे, मध्ये जरा लांबली" असंच म्हणणार, आणि आमची त्याला हरकत नाही. तुमच्याही मनात कोणासाठी तरी एक सुंदर भाषण कधीचं तयार आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. ती व्यक्ती आज घरीच आहे. पण तुम्ही घाई करू नका. सभेची तारीख कळवतीलच.