आबांची जर्मन

यंदाच्या मार्चमध्ये बेंबळीच्या नामदेव आबांनी वडिलांच्या शिकारी रायफलीचं लाकूड सोडवू दिलं. त्याआधी त्या स्क्रूंना त्यांनी कोणालाही हात लावू दिला नव्हता.

मी त्यांचा शेजारी. रानडुकरांपासून पीक राखण्याचा रीतसर परवाना आबांकडं आहे. पण डुकरांपेक्षा माणसंच त्या रायफलीपुढं जास्त आली. गुरांचे डॉक्टर, एसटीचा कंडक्टर, मुलगी बघायला आलेले पाहुणे, सगळ्यांना एकच प्रश्न: “कुठली वाटतीया?” जो ‘जर्मन’ म्हणेल त्याला चहा. बाकीच्यांनाही चहाच, पण बिनसाखरेचा.

नळीवर नाव राहिलं नव्हतं. मूळ लाकडी दस्ता वाळवीनं खाल्ल्यावर वडिलांच्या हयातीतच गावच्या सुतारानं बाभळीचा घडवला होता. थोरले भाऊ श्रीपती यांनी एकदा चारचौघांत सांगितलं, “औताला नळी लावलीय. हिच्यापरीस तेरखेड्याचा फटाका बरा. जर्मन म्हणं! दादांनी थाप मारली.” दादा म्हणजे वडील. तेव्हापासून भावांचं बोलणं बंद. घरं समोरासमोर.

लाकडाखाली नळीवर शिक्का असू शकतो, असं मी सुचवलं होतं. आबा म्हणाले, “आन् नसला तर?”

यंदा दस्ता उभा चिरला. सोलापूरला बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडं जावंच लागलं. त्यानं पेचकस लावला, तसे आबा दुकानाबाहेर रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. दुरुस्तीवाल्यानं नळीची खालची बाजू पुसली, भिंग धरलं आणि हाक मारली. शिक्का जर्मन होता.

आबांनी तिथल्या तिथं खर्चाला होकार दिला. अक्रोडाचा दस्ता आला. नजर अधू झाल्यामुळं दुर्बीण बसवली. काडतूस भरायच्या बोल्टची सरळ दांडी तिला आडवी येत होती, ती तापवून वाकवली. गावात शिरताना आबा चौकात तीनदा थांबले. त्या दिवशी सगळ्यांना साखरेचा चहा मिळाला.

दुसऱ्या सकाळी ते समोरच्या ओसरीवर गेले. पेचकस सोबत होता. कोरा दस्ता त्यांनी सुटा केला आणि नळी उलटी धरली. “बघा अण्णा.”

श्रीपतींनी चष्मा लावला. शिक्क्यावरून बोट फिरवलं.

“दादा खरं बोलत व्हते,” ते म्हणाले, आणि आत वळून दोन भाकरी जास्त टाकायला सांगितल्या.

आबा तिथंच जेवले. जेवणानंतर दोघा भावांनी मिळून दस्ता पुन्हा बसवला.