बस्त्याव अस्वलाने भट्टी देवाला वाहिली

एका जंगलात एक भट्टी होती आणि त्या भट्टीचा एक मालक होता. त्याचे नाव बस्त्याव अस्वल. बाळांनो, अस्वल पाव भाजते हे ऐकून हसू नका. तुमच्या जंगलात याहून विचित्र प्राणी याहून मोठे धंदे करतात.

हे जंगल ख्रिस्ती होते. नदीकाठी चर्च होते. चर्चला घंटा होती. आणि फादर होते एक कासव. फादर कासवांची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सकाळी सुरू झाली की जेवणाआधी संपेल याची खात्री नसे. पण जीव भला होता.

बस्त्यावचे पाव ताडीत फुगवलेले असत. वरून खरपूस, आतून कापूस. भट्टी आजोबांनी बांधलेली. तिच्याशिवाय त्याच्याकडे काही नव्हते. ना शेत, ना मधाचे पोळे. भट्टी होती म्हणून लोक त्याला बस्त्यावशेठ म्हणत. ती नसती, तर तो नुसताच एक केसाळ प्राणी होता.

एकदा दूरदेशाहून एक पोपट आला. गळ्यात टाय, हातात माईक. त्याने वडाखाली शिबिर घेतले. विषय होता, 'तुमच्या धंद्याचा खरा मालक कोण?'

"खरा मालक वर आहे!" पोपट म्हणाला. "धंदा त्याला अर्पण करा. त्याची सेवा म्हणून चालवा. मग बघा कशी भरभराट होते!"

भाषण लांबलचक होते. बस्त्यावने शेवटचे वाक्य तेवढे ध्यानात ठेवले.

दुसऱ्याच दिवशी भट्टीवर पाटी लागली : 'मालक, परमेश्वर. चालक, बस्त्याव. विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

दुपारी हरिणी तणतणत आली. "बस्त्यावशेठ, हा पाव आहे की कोळसा?"

"मालकाची इच्छा," बस्त्याव हात जोडून म्हणाला.

"आणि इतका हलका कसा? फुंकर मारली तर उडेल."

"त्याच्या योजना आपल्याला कळत नाहीत, बाई."

मालकाकडे तक्रार न्यायची, तर आधी मरावे लागणार. ती कोळसा घेऊन घरी गेली. बस्त्यावला वाटले, पोपट खरे बोलला. भरभराट सुरू झाली.

पण नुसत्या पाटीने त्याचे समाधान होईना. अर्पण कसे थाटात व्हायला हवे! त्याने फादर कासवांना बोलावले. फादर निघाले आणि यथावकाश पोचले.

"धंदा देवाला वाहायचा म्हणतोस? फार छान," फादर म्हणाले. "आणि सोपं आहे. पाव पुऱ्या वजनाचा दे. पीठ वाहणाऱ्या मुंग्यांना पोटभर खाऊ घाल. मी पवित्र पाणी शिंपडतो, प्रार्थना म्हणतो. झालं."

"पण फादर, हे कोणाला दिसणार?"

"देवाला."

बस्त्यावने जरा वेळ डोके खाजवले. "आणि देवाशिवाय?"

फादर कासवांनी मान आत ओढून घेतली. ते नेहमी असेच सुस्कारा टाकत.

तेवढ्यात सुगीचा सण आला. त्या जंगलाची एक रीत होती. सणाच्या मिस्सेत ज्याने त्याने आपल्या घरचे उत्तम ते वेदीपुढे आणून ठेवायचे. मिस्सा संपली की चर्चच्या अंगणात त्या सगळ्याचा लिलाव व्हायचा. त्यातून चर्चचे छप्पर शाकारायचे. बहुतेक जण आपली वस्तू आपणच सोडवून नेत. डुक्कर दरवर्षी स्वतःचाच भोपळा घरी नेई. दुसऱ्याच्या वस्तूवर चढी बोली लावणे वाईट दिसे.

"मी भट्टीची किल्ली ठेवणार!" बस्त्यावने घरी जाहीर केले.

त्याची बायको कोन्सू कणीक मळत होती. तिचे हात थांबले. "अहो, तिथे लिलाव होतो."

"ठाऊक आहे गं. मी म्हणेन, एक टोपली पाव. कोण वर जाणार? किल्ली संध्याकाळच्या आत घरी."

"मग देवाला काय दिलंत?"

"भाव बघायचा असतो, कोन्सू. भाव!"

"तोच बघतेय मी," कोन्सू म्हणाली आणि कणकेला एक गुद्दा मारला.

सण उजाडला. डुकराने भोपळा आणला. माकडाने केळ्यांचा घड आणला, त्यातली काही केळी वाटेतच देवाला प्रिय झाली होती. कोंबडीने अंडी आणली, पण बदकाची. शेवटी बस्त्याव आला. लाल मखमलीच्या उशीवर किल्ली. चर्चमध्ये कुजबुज झाली. सगळ्या माना वळल्या.

किल्ली ठेवून मुकाट्याने परत यावे, एवढेच ठरले होते. पण इतक्या माना वळलेल्या त्याने जन्मात पाहिल्या नव्हत्या. त्याचे तोंड आपोआप उघडले.

"बंधुभगिनींनो! आजपासून या भट्टीवर माझा काडीचाही हक्क नाही. ती माझी नाही. माझी कधी नव्हतीच. मी तिच्याकडे वळूनसुद्धा बघणार नाही!"

मिस्सेत टाळ्या वाजवत नाहीत. पण वाजल्या. म्हातारी वानरी रडली. हरिणीनेसुद्धा करपलेला पाव माफ केला. कोन्सूने कपाळावर हात मारला, लोकांना वाटले ती क्रूस काढतेय.

मग लिलाव सुरू झाला. लिलाव करी कोंबडा. तो तीनदा आरवे. तिसऱ्या आरवण्याला माल गेला. भोपळा डुकराकडे गेला. केळी माकडाकडे गेली. मग कोंबड्याने किल्ली उचलली.

"एक भट्टी! चालू स्थितीत! बोला!"

'एक टोपली पाव' हे शब्द बस्त्यावच्या जिभेवर आले होते. पण सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि असे बघत होते, जणू त्याच्या डोक्यामागे तेजोवलय उगवले आहे. शब्द त्याने गिळले.

"एक टोपली पाव!" मागून आवाज आला. तो कायतान कोल्हा होता. त्याला वाईट दिसण्याची सवय होती.

"तुझ्याकडे पाव कुठले?" कोंबड्याने विचारले.

"भट्टी मिळाली की भाजतो ना!"

कोंबडा बस्त्यावकडे वळला. "शेठ, भट्टी तुमची ना? बोला की वर."

"माझी? छे! माझी नाही ती. देवाची."

"कुकूऽऽच कू!"

फादर कासव लगबगीने पुढे सरकले, म्हणजे दोन बोटे. "बस्त्याव, लेका, अजून वेळ गेलेली नाही. भट्टी तुझी आहे असं नुसतं म्हण. किल्ली परत देतो. देव रागावत नाही."

बस्त्यावला रडू फुटणार होते. एक शब्द बोलला की भट्टी परत. एक शब्द बोलला की तेजोवलय विझले. वानरी पदराने डोळे पुसत त्याच्याकडेच बघत होती.

"फादर, कोणती भट्टी? मी तिला ओळखतही नाही."

"कुकूऽऽच कू!"

कोन्सूने गर्दीतून वाट काढली आणि नवऱ्याची बाही ओढली. "अहो, मेलं ते सोंग! आपली भट्टी आहे ती! उद्या खायचं काय?"

"बाई," बस्त्याव आकाशाकडे बघून म्हणाला, "आपलं या जगात काही नाही."

"कुकूऽऽच कू!"

बाळांनो, तुमच्यापैकी जे धर्मशिक्षणाच्या वर्गात झोपत नाहीत, त्यांना ती जुनी गोष्ट आठवली असेल. एका थोर संताने आपल्या प्रभूला तीनदा नाकारले. मग कोंबडा आरवला, आणि संत बाहेर जाऊन ढसाढसा रडला. बस्त्यावसुद्धा बाहेर जाऊन ढसाढसा रडला.

"बघा, बघा, आनंदाश्रू!" वानरी म्हणाली.

कायतानने दुसऱ्याच दिवशी नवी पाटी लावली : 'वेदीवरून आलेली एकमेव भट्टी.' पाव आणखी हलके झाले आणि रांग नदीपर्यंत गेली. मुंग्या होत्या तिथेच राहिल्या. त्यांच्या पोटाला मालक बदलल्याचे कळलेही नाही.

"देवानं भट्टी घेतली," कोन्सू म्हणाली, "आता तुम्हालाही घेतो का, विचारून बघा."

देवाने घेतले नाही. पण शेजारच्या जंगलाने घेतले. सर्वस्व वाहिलेला धंदेवाला म्हणून त्यांनी बस्त्यावला आपला अनुभव सांगून देवाची साक्ष द्यायला बोलावले. तो मंचावर उभा राहिला. पोट खपाटीला गेले होते, त्यामुळे तो आणखीच संत दिसत होता.

एका सशाने श्रद्धेने विचारले, "बस्त्यावशेठ, धंदा देवाला वाहिल्यावर तुम्हाला काय मिळालं?"

बस्त्यावने प्रामाणिकपणे आठवून पाहिले.

"रविवारची सुट्टी," तो म्हणाला. "आणि सोमवारचीसुद्धा."

टाळ्या मात्र तशाच कडाडल्या.

तात्पर्य : प्रभूला तीनदा नाकारणाऱ्याला प्रभू क्षमा करतो. स्वतःच्या भट्टीला तीनदा नाकारणाऱ्याला कोल्हा करत नाही. म्हणून बाळांनो, धंदा देवाला जरूर वाहा. फक्त त्या वेळी चर्चमध्ये देवाशिवाय कोणी नाही, एवढे बघून घ्या.