अठ्ठाविसातला एक

हुक्केरीअण्णांना कुणी ‘कसं काय?’ विचारलं, तर ते ‘अठ्ठावीस’ म्हणत. नवखा माणूस गोंधळला की अण्णा खूश. मग कारखान्याच्या बसमध्ये त्याला शेजारी बसवून घेत आणि मल्लेश्वरम येईपर्यंत त्याचं डोकं खात.

“अठ्ठाविसाला पुरता भाग कशाकशानं जातो? चौदानं, सातानं, चारानं, दोनानं, एकानं. आता बेरीज मारा की हो. परत अठ्ठावीस. कमी न्हाई, जास्त न्हाई. शंभराच्या आत असल्या संख्या दोनच. सहा तर काय, पोरांच्या खेळातली.”

हा शोध लागून हजारो वर्षं झाली होती. पण अण्णांचा आव असा, की ही संख्या त्यांनीच दूधभात भरवून वाढवली.

आमच्या ड्रॉइंग ऑफिसात या गृहस्थांनी एकदा चोवीस बोल्टांच्या झाकणाला अठ्ठावीस भोकं काढली. साहेबांनी जाब विचारला.

“चोवीस स्वल्प उतू जाते, सर. तिच्या भाजकांची बेरीज छत्तीस होते.”

त्यानंतर साहेब उतू गेले, ते आम्ही दाराआडून ऐकलं.

बेळगावकडचा हा माणूस बायको गेल्यापासून एका खोलीत एकटा राहत होता. तोंड उघडलं की अठ्ठावीस, त्यामुळे त्याला जेवायला कोण बोलावणार? आम्ही तर नाहीच बोलावलं.

मराठी मंडळाच्या गणपतीत मात्र अण्णा दरवर्षी हजर. पहिली पंगत बिऱ्हाडांची, ही आमची रीत. एकट्यादुकट्यानं वाढायचं आणि उरल्यासुरल्यात शेवटी जेवायचं. एका वर्षी अण्णा मला, म्हणजे मंडळाच्या चिटणिसाला, भेटायला आले.

“यंदा मला पहिल्या पंगतीला बसवा की हो.”

“अण्णा, तुमचं बिऱ्हाड कुठंय?” मी म्हणालो.

ब्याद टळावी म्हणून पहिल्या पंगतीची बोलावणी करायचं काम मी त्यांच्याच गळ्यात घातलं. तेवढीच चार घरं त्यांचं गणित ऐकतील.

गणेशचतुर्थीला माणसं बसली. रानड्यांचं चौदा जणांचं खटलं, भिड्यांकडचे सात, आम्ही चौघं, आणि नवंच लग्न झालेले पत्की नवराबायको. कडेला एक पान रिकामं होतं. अण्णा वाढायचा पंचा गुंडाळून आले नव्हते. लग्नातला असावा असा जुना रेशमी मुकटा नेसून ते त्या पानाशी उभे होते.

“हे पान कुणाचं?” मी विचारलं.

“चौदा, सात, चार, दोन. किती झाले?”

“सत्तावीस.”

“अठ्ठाविसाला एकानंबी भाग जातो की हो,” अण्णा म्हणाले. “तो एक धरला न्हाई, तर ती पुरी होत न्हाई.”

म्हणजे या माणसानं माणसं मोजून घरं निवडली होती. सगळी पहिली पंगत या बाबानं आपल्या त्या संख्येत कोंबली होती, आणि तेही एका पानासाठी. मला हसू येईना. माझी बायको उठली आणि त्या पानावर तिनं भात वाढला, वर वरण, वर तूप.

अण्णा बसले. भात कालवताना त्यांनी मान वर केली नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “कसं काय, अण्णा?”

“बरं वाटायलंय,” ते म्हणाले.