डोळा लागेल अशी सीट

"उद्यापासून मी बसने जाणार," हेल्मेट काढता काढता बायकोने जाहीर केलं. "तुमच्या मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसून माझ्या कमरेचे पार तीन तेरा वाजलेत."

बायकोच्या कमरेची काळजी सोफेवाल्याला होतीच, पण त्याहून मोठी काळजी होती गप्पांची. रोज सकाळी तिला चष्म्याच्या दुकानात सोडून तो आपल्या कारखान्यात जायचा, आणि अख्ख्या दिवसात नवरा-बायकोचं जे काही बोलणं व्हायचं ते त्या वाटेवरच. घरी तर सोयच नव्हती. घरात जिकडेतिकडे त्याच्याच हातचे सोफे, आणि त्यांवर टेकलेला माणूस दोन वाक्यांत घोरायला लागायचा. सोफेवाल्याला याचा कोण अभिमान. गिऱ्हाइकाला सोफ्यात बसवायचं, इकडचं तिकडचं विचारायचं, आणि त्याची मान कलली की माल पास, अशी त्याची कामाची रीतच होती.

"माझ्यासारखा सोफेवाला घरात असताना तू बसच्या फळकुटावर बसणार? लोक हसतील मला," तो म्हणाला.

"हसू देत. कंबर माझी आहे."

दुसऱ्या दिवशी ती खरोखरच बसने गेली. सोफेवाल्याने मोटरसायकल थेट कारखान्यात घेतली, मागच्या सीटवर जाडजूड फोम चढवला आणि फोमखाली सोफ्याच्या स्प्रिंगा घातल्या. मग मोठ्या मिनतवारीने बायकोला बसवून तो निघाला. पहिल्याच गतिरोधकावर ती अशी उडाली की खाली आली ती सीटवर नाही, त्याच्या खांद्यांवर.

"पुढचं सगळं छान दिसतंय हो इथून," ती वरून म्हणाली. "आता उतरवा मला."

ती उडू नये म्हणून त्याने सीटला दोन्ही बाजूंनी सोफ्याला असतात तसे हात लावले. हात आले म्हणून पाठ लावली, पाठ आली म्हणून डोक्याला उशी आली, आणि डोक्याची एवढी बडदास्त ठेवल्यावर पायांनी काय घोडं मारलं होतं, म्हणून पायांखालीही गादी आली. सगळ्यावर लालभडक मखमल चढवून तिला बटणं टाचली. या सगळ्यात चालवणाऱ्यासाठी चार बोटं जागा उरली, म्हणून सोफेवाला टाकीवर पोट ठेवून बसायला लागला. सिग्नलला एका टॅक्सीवाल्याने काच खाली केली आणि "बाई, अजून एक माणूस मावेल का?" असं अगदी आदराने विचारलं.

सोफेवाल्याचं तिकडे लक्ष नव्हतं. बसच्या दिवसांत साठलेलं सगळं बोलणं तो मोकळं करत होता. बोलण्याच्या भरात तो असंही म्हणून गेला की, "तू मागे नसलीस ना, की सकाळ झाल्यासारखी वाटतच नाही मला." इतक्या वर्षांच्या संसारात असलं काही त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. कान लाल करून तो उत्तराची वाट बघत राहिला. मागून संथ घोरणं ऐकू आलं. माल पास झाला होता.

"फार सुरेख झालीय सीट," दुकानाशी उतरताना ती ताजीतवानी होऊन म्हणाली. "वाटेत काही म्हणालात का?"

"नाही. कुठे काय."

पुढे रोज हेच. ती झोपायची आणि हा हँडलशी गप्पा मारायचा. शेवटी त्याचा उतरलेला चेहरा तिच्या ध्यानात आला.

"टाकीवर पोट घासून घासून वाळलात हो," ती म्हणाली. "आज मी चालवते. वडिलांची गाडी चालवायचे मी लग्नाआधी. मला पुरेल ती चार बोटं जागा. तुम्ही बसा मागे."

सोफेवाला हरखला. चालवणारा माणूस काही झोपत नाही, तेव्हा आज गप्पा नक्की. मखमलीत रेलून तो म्हणाला, "हं, बोल." ती बोलायला लागली. तिचं पहिलं वाक्य त्याने पूर्ण ऐकलं, दुसरं अर्धं.

डोळे उघडले तेव्हा गाडी कारखान्यासमोर उभी होती आणि बायको मागे वळून विचारत होती, "मग? चालेल ना तुम्हाला?"

झोपलो होतो असं म्हणायची त्याची छाती झाली नाही. "न चालायला काय झालं?"

"नंतर कुरकुर करायची नाही हं."

"अगं, तू म्हणशील तसं."

बायकोचा चेहरा इतका खुलला की सोफेवाल्याला धडकीच भरली. ती गाडी घेऊन निघून गेली. आपण कशाला हो म्हटलं या विचारात त्याने दिवसभर खिळ्याऐवजी अंगठा ठोकला आणि एका सोफ्याचं कापड उलटं चढवलं.

संध्याकाळी तो घरी आला. दारात मोटरसायकल उभी होती आणि तिच्यावर जुनी, चपटी, टणक सीट परत बसवलेली होती. आत दिवाणखान्यात दोन स्टुलं जोडून त्यांवर त्याची लाल मखमली सीट मांडली होती, हातापाठीसकट. सीटमध्ये सासूबाई घोरत होत्या. शेजारी त्यांची भलीमोठी बॅग होती.

"आई महिनाभर राहणार," बायको दबक्या आवाजात म्हणाली. "सकाळी हो म्हणालात ना तुम्ही. सीटही तिलाच द्यायला हो म्हणालात."

"आणि आपल्याला ती जुनी?"

"तीच बरी. टोचते मेली, पण माणूस जागा तरी राहतो. किती दिवस झाले, आपलं धड बोलणं नाही काही. मला करमत नाही हो."

सोफेवाल्याला इतकं बरं वाटलं की महिनाभराच्या सासूबाईही त्याला गोड वाटल्या. मग त्याला आठवण झाली.

"सकाळी मी अजून कशाकशाला हो म्हटलं?"

बायकोने त्याच्याकडे रोखून पाहिलं. तिला सगळं कळलं होतं.

"ते उद्या सांगते," ती म्हणाली. "गाडीवर."