पिंपाची जलसफर

यंदा नाताळची बियर अशी करीन की सासूबाई पेला चाटूनपुसून ठेवतील, असं मी छातीठोक जाहीर केलं. तेही जाऊबाईंसमोर! पन्नास वर्षं गावाला नाताळची बियर आमच्याच घरी मिळते, आणि ती सासूबाईच करत. यंदा गुडघे कुरकुरले, म्हणून मान माझ्याकडे आला. बिघडली, तर पुढच्या वर्षी बोर्गहिल्डकडे, म्हणजे जाऊबाईंकडे!

मी अक्वाविटचं रिकामं पिंप मिळवलं. ही आमची शहाजिऱ्याची दारू पिंपात भरून जहाजानं विषुववृत्तापलीकडे नेतात नि परत आणतात. हेलकाव्यांनी मुरते म्हणे! मग बियरनं काय घोडं मारलंय? माझा नवरा ओडमुंड फ्योर्डमध्ये, म्हणजे आमच्या डोंगरांमधल्या खाडीत, फेरीबोट चालवतो. दिवसाला चौदा खेपा!

"अगं, बोट आहे ती, पाळणा नव्हे!"

"तुझ्या आईसाठीच चाललंय सगळं!"

झालं, बियर भरून पिंप इंजिनाच्या खोलीत गेलं. गळू नये म्हणून ओडमुंडनं बूच असं ठोकलं, जणू सात जन्मांचं वैर! तिथल्या उबेत बियर तीन आठवडे आतल्या आत फुगत राहिली. आम्हांला काय पत्ता!

नाताळच्या आधीच्या शनिवारी सासूबाईंना घेऊन मी पलीकडे बाजाराला निघाले. फ्योर्डच्या मधोमध धाडकन आवाज झाला आणि इंजिनाच्या खोलीच्या दाराखालून पांढरा फेस वाहू लागला.

"आग विझवायचा फेस!" कुणीतरी ओरडलं. "आग लागलीय!"

एकच पळापळ! पाद्रीबाईंनी तर दोन-दोन जीवरक्षक जाकिटं चढवली. सासूबाई तेवढ्या विणत होत्या. "बुडायला लागलो की सांग. एवढी ओळ होऊ दे."

तेवढ्यात कर्ण्यातून ओडमुंड गरजला, "घाबरू नका! आग नाही! बायकोची बियर आहे!"

मग अख्खी बोट थर्मासची झाकणं घेऊन दाराकडे धावली!

सासूबाईंनीही झाकण पुढे केलं. मी पिंपाच्या तळातली भरून दिली. त्या प्यायल्या.

"पिंप दारूवाल्यांचं. बियर आंबवायचं विरजण माझ्या माहेरचं. हलवली माझ्या मुलानं. यात तुझं काय गं, गुनवोर?"

"सांडली ती सगळी माझी, आई."

त्या खुदकन हसल्या. झाकण पुन्हा पुढे आलं. "पुढच्या वर्षीही तूच कर. बूच मात्र मी बसवीन."

जिंकले की हो! फक्त काठाला लागेपर्यंत पिंप कोरडं ठणठणीत झालं होतं. नाताळला गाव पेले घेऊन दारात आलं, तेव्हा मी जाऊबाईंकडून त्यांनी घरापुरत्या केलेल्या बियरच्या दोन घागरी उसन्या आणल्या. चांगली होती हो त्यांची. फारच चांगली! पण हे सासूबाईंच्या कानावर घालू नका.