घुंगरू, डावीकडून उजवीकडे

गायधनी काका गाणं लावण्याआधी घरातला फ्रीज बंद करतात. मग पंखा. मग भिंतीवरचं घड्याळ खाली उतरवून, टॉवेलात गुंडाळून बाथरूममध्ये नेऊन ठेवतात, कारण त्याची टिकटिक 'मधे मधे बोलते'. शेवटी खिडकीशी उभे राहून मालगाडी पूर्ण जाण्याची वाट बघतात. आमची सोसायटी नाशिक रोड स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ही वाट कधी कधी दोन गाड्यांची असते. एवढं झालं की पाहुण्याकडे वळतात.

"बसा. पाठ टेकवा. किल्ल्या खिशातून काढून टीपॉयवर ठेवा. आता मान हलवायची नाही."

बसायची खुर्ची एकच. तिच्या चार पायांच्या जागा फरशीवर ऑइल पेंटने आखलेल्या आहेत. दोन्ही स्पीकर माझ्या खांद्याएवढे, देवळालीगावातल्या सुताराकडून काकांनी स्वतः समोर बसून करून घेतलेले. त्या खुर्चीतून मान जरा इकडेतिकडे झाली तर गाणारी बाई 'शेजारच्या फ्लॅटमध्ये जाते' असं काका म्हणतात. एकदा ते फ्रीज परत लावायला विसरले आणि काकूंचा श्रीखंडाचा चक्का पार आंबून गेला. तेव्हा काकू मला म्हणाल्या, "वैशाली, आमचे हे गाणं ऐकत नाहीत गं. गाण्याचा पंचनामा करतात."

त्याचंही कारण आहे. काका इथल्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाले. आयुष्यभर छापलेले कागद उजेडात धरून डाग, रेघ, पुसट अक्षर शोधायचं त्यांचं काम. चांगला तो पास, वाईट तो रद्द. नोकरी संपली, सवय राहिली. भाजीवाल्याची गवार रद्द होते, जावयाच्या मिश्या रद्द होतात. माझ्या पोह्यांना एकदा 'पास' मिळालं, ते मी अजून माहेरी सांगते.

आमची ओळखही अशीच झाली. वीस वर्षांपूर्वी मी शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आले आणि सामान लावून होण्याआधीच काका दारात.

"शिक्षण?"

"बी.कॉम."

"पास?"

"फर्स्ट क्लास," मी म्हटलं. जरा तोऱ्यातच म्हटलं. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली, आणि ते लपवून ठेवण्यासारखं मला कधी वाटलं नाही.

"मग या ऐकायला. तुम्ही लक्ष देऊन बसाल."

माझं गाण्याचं शिक्षण म्हणाल तर मखमलाबादच्या मळ्यातलं. वडील झेंडू आणि शेवंती करायचे. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत खिळ्याला ट्रान्झिस्टर टांगलेला असे. मोटारीची घरघर, ट्रान्झिस्टरची खरखर आणि त्यातून वाट काढत येणारं गाणं. मला वाटायचं, गाणं म्हणजे हे तिन्ही मिळूनच असतं. हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे, उजेडात धरलेल्या खराब कागदाकडे बघावं तसं बघितलं. "रद्द," ते म्हणाले. "तुम्ही गाणं अजून ऐकलंच नाही."

त्या दिवशी त्यांनी एक जुनी लावणीची तबकडी लावली. दुसरं कडवं संपलं आणि डाव्या स्पीकरमागून कुणीतरी घुंगरू बांधून निघालं, सावकाश माझ्या समोरून चालत गेलं आणि उजव्या भिंतीत नाहीसं झालं. मी मान हलवू नये हे विसरून तिच्यामागे वळून बघितलं. काका टाळी वाजवून हसले. "उतरलंय कसं, बघा!"

हे त्यांचं लाडकं वाक्य. गाणं कुणाचं, चाल कुणाची, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. ते तबकडीवर उतरलंय कसं, एवढंच. लोकांना रडवणारी मोठमोठी गाणी त्यांच्याकडे रद्द आहेत, कारण 'तबला पत्र्याच्या डब्यात बसवलाय'. उलट दक्षिणेकडच्या कुठल्याशा भाषेतलं एक गाणं ते वर्षानुवर्षं पाहुण्यांना ऐकवतात. "अर्थ काय काका?" म्हटलं तर "अर्थाचं राहू द्या, पेटीचा भाता श्वास घेतोय तो ऐका."

ह्या निवडीची एक वही आहे, लाल कापडी पाठीची. तिच्यात गाण्यांची नावं नाहीत. 'मृदंग, पोटात लागतो.' 'बाई ओळ उचलण्याआधी ओठ उघडते.' आणि पहिल्याच पानावर, खाली दोनदा रेघ मारलेलं: 'घुंगरू, डावीकडून उजवीकडे.' पाहुणा कुणीही असो, ग्यासवाला असो की मुलीच्या सासरचे असोत, शेवट ह्या लावणीने व्हायचा.

पूर्वी काका सुरू झाले की काकू पापडांचं निमित्त काढून गच्चीवर पळायच्या. गेल्या पाच-सहा वर्षांत मात्र त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहू लागल्या. मला वाटलं, उशिरा का होईना, गोडी लागली. तसं चेहऱ्यावरून दिसायचं नाही. नेमकं घुंगरू उजवीकडे पोचलं की त्या पदर कमरेला खोचायच्या आणि आत निघून जायच्या. संपलं एकदाचं, मला कामं आहेत, असा सगळा आविर्भाव. आम्ही त्यावर हसायचो. आणि काका तिकडे बघून म्हणायचे, "उतरलंय कसं!"

मागच्या महिन्यात काकू इगतपुरीला गेल्या. मुलीचं बाळंतपण होतं, जावई तिथे रेल्वेत आहेत. आणि नेमका त्याच आठवड्यात बोरस्त्यांचा फोन आला.

बोरस्ते म्हणजे काकांच्या बरोबरीने प्रेसमध्ये कागद तपासणारे. गंगापूर रोडला बंगला बांधला, त्यात मुलाने भारीतली नवी सिस्टीम बसवून दिली. फोन स्पीकरवर होता म्हणून मीही ऐकला. "गायधन्या, रविवारी येतो. तुझी ती लावणी ऐकव. घरी माझ्याकडे लावून ऐकलीय, आता तुझ्या खोक्यांतून काय निघतं ते बघतो."

काका चार दिवस नीट जेवले नाहीत. जुने दोस्त असले तरी हा माणूस तपासणीस होता. ह्याच्यापुढे पास होणं म्हणजे खरं पास होणं. रविवारी सकाळी मी डबा द्यायला गेले तर काका स्पीकरमागे मांडी घालून, वायरींची टोकं काढून कापसाने पुसत बसले होते. तेवढ्यात काकूंचा फोन आला. नातू झाला होता! काका उठून गॅलरीत गेले, परत आत आले, मलाच पेढा द्यायचा म्हणून डबे उघडत सुटले. मग काकूंनी मला फोनवर घेतलं.

"बोरस्ते भाऊजी येणारेत ना? तू चहा कर. आणि गाणं लागलं की आत पळू नको, दारात उभी राहा."

"मी कशाला, काकू?"

"उभी राहा म्हणते ना. ह्यांना बरं असतं."

बोरस्ते आले. किल्ल्या टीपॉयवर गेल्या, घड्याळ टॉवेलात गेलं, मालगाडी गेली. लावणी सुरू झाली. मी ट्रे घेऊन दारात. मला आवाज जरा मंद वाटला, पण आपण खुर्चीत नाही म्हणून तसं असेल, असं मी मनाशी म्हटलं. दुसरं कडवं संपलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी आपली हसले. काका जोरात म्हणाले, "उतरलंय कसं, बघ बोरस्ते!"

बोरस्ते चहा न घेताच म्हणाले, "काय उतरलंय? घुंगरू कुठंय?"

"अरे, आत्ता गेलं की समोरून."

"काही गेलं नाही. बाई गोधडीतून गातेय. गायधन्या, तुला ऐकू येतंय ना?"

काकांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तो चेहरा वाचता आला. कागद उजेडात धरलाय, पण डोळ्यांना दिसत नाहीये, असा चेहरा.

मी उभी होते तिथून स्पीकरची पाठ दिसत होती. घुंगरासारख्या बारीक आवाजाच्या दोन्हीकडच्या वायरी सकाळी पुसून तशाच लोंबत राहिल्या होत्या. नातवाच्या आनंदात त्या लावायच्या राहिल्या. आणि काकांनी त्यानंतर तीनदा लावणी लावून बघितली होती, भिंतीपलीकडून मी ऐकलं होतं. तीनदा त्यांना काहीच कमी वाटलं नव्हतं.

"अगंबाई, काका," मी म्हणाले, "माझंच चुकलं. सकाळी फरशी पुसताना त्या वायरी मी काढल्या आणि सांगायची विसरले."

"बी.कॉम. आहेस ना तू?" बोरस्ते म्हणाले. माझी पदवी काकांनी तिथवरही पोचवली होती.

"फर्स्ट क्लास," मी म्हटलं. "पण वायरिंगमध्ये नाही."

काका खाली वाकले. वायरी लावायला त्यांना बराच वेळ लागला. सुई पुन्हा पहिल्यापासून ठेवली. दुसरं कडवं संपलं, आणि डावीकडून ती निघाली. ठसठशीत, एकेक घुंगरू वेगळं, समोरून चालत, उजवीकडे. ती भिंतीपाशी पोचली तशी मी ओढणी ओढून कमरेला खोचली.

काकांनी ते बघितलं. मगच म्हणाले, अगदी हळू, "उतरलंय कसं."

बोरस्त्यांनी मान हलवली. हलवायची नसते, तरी हलवली. "मानलं बाबा. माझ्याकडे ही बाई अशी चालत नाही."

ते गेल्यावर मी कप विसळत होते. काका घड्याळ परत भिंतीवर टांगत होते. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "फरशी तू कधी पुसलीस गं?"

मी नळ जरा मोठा केला.

"खोटं बोललीस. पण स्वच्छ बोललीस, कुठे खरखर नाही." मग ते त्यांच्या खुर्चीत येऊन बसले. "माझ्या कानांचं तुला कळलंय, हे तुझ्या काकूला सांगू नको. ती बिचारी किती वर्षं पदर खोचतेय."

घड्याळ टिकटिकत होतं, फ्रीज अजून बंदच होता.

"वैशाली, अजून तसंच वाजतं का गं ते? सांग ना कसं वाजतं."

पदवीत हे शिकवत नाहीत. मग जे आठवलं ते सांगितलं. आमच्या मळ्यात भल्या सकाळी मोटार बंद व्हायची, ट्रान्झिस्टरही बंद व्हायचा, आणि वडील फुलांच्या पाट्या भरून बैलगाडी जुंपायचे. विहिरीकडून गाडी निघायची, घरासमोरून जायची आणि रस्त्याला लागायची. मी अंथरुणात पडून बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा ऐकत राहायची. डावीकडून उजवीकडे. पार ऐकू येईनाशा होईपर्यंत.

काका मान न हलवता, पाठ टेकवून, डोळे मिटून ऐकत होते.

"पास," ते म्हणाले.