दोन इंचांचा स्नेहकरार

माणूस एकटा येतो आणि एकटाच जातो, हे पूर्वापार मान्य झालेलं आहे. मधल्या काळात त्याने कुणालातरी टॅग केलं पाहिजे, ही भर अलीकडची.

पलंगवाल्या ताईंना हे ज्ञान सल्लागारांकडून मिळालं. सल्लागार पूर्वी विमा विकत, त्याआधी पाणी शुद्ध करण्याची यंत्रं विकत, आणि आता ब्रँडांची नाती जुळवत. (तिन्ही धंद्यांत गिऱ्हाइकाला आधी घाबरवावं लागतं, त्यामुळे अनुभव वाया गेला नाही.) त्यांचं म्हणणं असं, की आजच्या काळात एकटा ब्रँड म्हणजे लग्नाला एकटाच आलेला पाहुणा. त्याला जेवण मिळतं, फोटोत कुणी बोलावत नाही. म्हणून प्रत्येक ब्रँडने आपल्याला पूरक असा दुसरा ब्रँड गाठावा, दोघांनी भर चौकात एकमेकांचं कौतुक करावं, आणि एकाचं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात जावं. भर चौक म्हणजे अर्थातच फोन.

त्यांनी आधी जुळवलेल्या जोड्या आदर्श होत्या. रंगाचं दुकान आणि ‘रंग ओला आहे’ अशा पाट्या करणारा. केस वाढवण्याचं तेल आणि न्हावी. शिट्ट्या विकणारा आणि कानात घालायचे बोळे विकणारी. पहिली जोडी सत्तर टक्के यशस्वी झाली, दुसरी एकशेदहा टक्के. तिसरीचा आकडाही सल्लागारांनी सांगितला, पण त्या वेळी शिट्टीवाला शेजारी बसलेला असल्यामुळे तो कुणाला ऐकू आला नाही.

ताईंच्या पलंगांना पूरक ब्रँड कोणता, हे सल्लागारांच्या संगणकाने चार दिवस विचार करून काढलं. समोरचं गादीचं दुकान. अंतर एकोणीस पावलं. संगणकाला जे माहीत नव्हतं ते एवढंच, की गादीवाली ही ताईंची सख्खी धाकटी बहीण होती आणि दोघींत नऊ वर्षं बोलणं नव्हतं.

वडिलांच्या हयातीत पलंग आणि गादी एकाच छपराखाली होती. ते गेल्यावर ताईंनी सुतार, करवत आणि रंधे घेतले. धाकटीने कापूस, शिलाई मशीन आणि वडिलांची जुनी कापडी टेप. वाटणी इतकी शांततेत झाली, की नातेवाईक निराश होऊन घरी गेले. वाजलं ते पहिल्या गिऱ्हाइकापासून. ताईंच्या पलंगावर धाकटीची गादी दोन इंच आखूड पडली. ताईंच्या मते धाकटीने ती मुद्दाम आखूड शिवली, म्हणजे पलंग बेढब दिसावा. धाकटीच्या मते ताईंनी पलंग मुद्दाम लांबवला, म्हणजे गादी तोकडी दिसावी. विचारायला कुणीच गेलं नाही, कारण विचारलं तर उत्तर मिळतं आणि मग रागाला जागा राहत नाही.

तेव्हापासून सारं गाव पायथ्याशी दोन इंचांची फट ठेवून झोपत आलं. कुणी तिच्यात जुनी चादर कोंबली, कुणी दुर्लक्ष केलं. या फटीत नऊ वर्षांत काय काय गेलं याची मोजदाद झालेली नाही. (कंगवे, चष्मे, आणि एका घरात मांजराचं पिल्लू. तेवढं सापडलं.) दोन्ही दुकानं सकाळी नवाला उघडत. नजरानजर नको म्हणून ताई रस्त्याकडे पाठ ठेवून कुलूप काढत आणि मग मागे न वळता शटर वर ढकलून तशाच दुकानात शिरत. समोर धाकटी तेच करी. एकमेकींकडे न बघता दोघींची वेळ मिनिटाने चुकत नसे.

करारावर सही होणं अवघड होतं. म्हणून सल्लागारांनी प्रत्येकीला वेगळं भेटून सांगितलं, की समोरून आधी विचारणा आली आहे. हे खोटं नव्हतं, धोरण होतं. “तिने विचारलं?” असं ताईंनी तीनदा विचारून घेतलं. तिसऱ्यांदा विचारताना पेन हातात होतं.

करारात सतरा कलमं होती. कलम चारनुसार प्रत्येक पक्षाने रोज सकाळी अकराच्या आत दुसऱ्या पक्षाच्या पोस्टखाली एक जिव्हाळ्याची कॉमेंट करायची होती, किमान तीन बदाम जोडून. मजकूर सल्लागार पुरवणार. कलम नऊ असं: ‘कॅमेऱ्याबाहेर व्यक्त झालेली आपुलकी ही उभय पक्षांच्या सामायिक मालमत्तेची नासाडी समजण्यात येईल.’ हे वाचून ताईंचे यजमान म्हणाले, “अगं, हे कलम तर आपल्या लग्नातही होतं.” ताईंनी पान उलटलं.

पोस्टा सुरू झाल्या. ‘धाकटीच्या गादीशिवाय माझा पलंग म्हणजे नुसतं लाकूड,’ असं ताईंच्या नावाने प्रसिद्ध झालं. ‘ताईच्या पलंगाशिवाय माझी गादी जमिनीवर,’ असं उत्तर आलं. लोकांना बहिणींचं हे प्रेम फार आवडलं. पलंगांची विक्री बावीस टक्के वाढली, गाद्यांची चोवीस, आणि फटीत कोंबायच्या चादरींची शंभर.

ताईंना या मजकुराचं काही कौतुक नव्हतं. तरी साडेदहा झाले की त्यांचं सुतारांकडे लक्ष राहत नसे. यजमानांनी विचारलं तर त्या म्हणत, करार आहे, पाळायला नको का. एका सोमवारी धाकटीच्या कॉमेंटमध्ये तीन बदामांनंतर एक ओळ जास्त होती. ‘ताई, खोकला अजून आहे का गं?’

ही ओळ सात मिनिटं टिकली. मग सल्लागारांनी ती पुसली. खोकला ब्रँडला शोभत नाही, विशेषतः पलंगाच्या, असं त्यांनी कळवलं. पण ताईंनी ती वाचली होती. म्हणजे त्यांचा खोकला समोर ऐकू जात होता.

बुधवारी दुकानं गिऱ्हाइकांना बंद असतात, आत काम चालू असतं. त्या दुपारी ताई आपली लोखंडी टेप घेऊन एकोणीस पावलं चालून गेल्या. हातात काहीतरी असावं म्हणून टेप. धाकटीने दार उघडलं, ती बाजूला झाली, आणि दोघी एका नव्या गादीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

“मोजायची होती,” ताई म्हणाल्या.

मोजली. लोखंडी टेप म्हणाली पाच फूट दहा इंच. धाकटीने चिडून वडिलांची कापडी टेप लावली. ती म्हणाली बरोबर सहा फूट. मग दोन्ही टेपा शेजारी ठेवल्या गेल्या. कापडी टेपेचं टोक कधीचंच झिजून तुटलेलं होतं, आणि त्याबरोबर एक आणि दोन हे आकडे गेलेले होते.

“बाबा मोजून झालं की ‘आणि दोन’ म्हणायचे, आठवतं?” ताईंनी विचारलं.

“मला वाटायचं, जांभई दिल्यावर लोक चुटकी वाजवतात ना, तसं काहीतरी असेल.”

“मलाही.”

त्यानंतर तासभर काय झालं याची कुठेही नोंद नाही. चहा झाला आणि ताईंना खोकल्याचं औषध मिळालं, एवढं नक्की. नऊ वर्षांत पहिल्यांदा एक पूर्ण सहा फुटांची गादी शिवायचं ठरलं, आणि ती ताईंच्याच घरी जायची होती.

गुरुवारी सकाळी शटर वर ढकलताना दोघींनी वळून रस्त्यापलीकडे बघितलं. सल्लागार साडेनवाला नोटीस घेऊन हजर झाले. नऊ वर्षांनी झालेला समेट, तोही चहासकट, एकही कॅमेरा नसताना! त्यांच्या अंदाजाने अडीच लाख बदामांचं नुकसान झालं होतं. नुकसानभरपाई नको असेल तर समेट पुन्हा करावा लागेल, आणि या वेळी उजेडात.

दोघींना गंमतच वाटली. एकदा केलंय, पुन्हा करायला काय जातंय.

समेटाला एक अडचण निघाली. खऱ्या प्रसंगात माफी कुणीच मागितली नव्हती, कारण चूक टेपेची होती. सल्लागारांनी समजावलं, की टेपेला फॉलोअर नाहीत. माफी माणसानेच मागितली पाहिजे, आणि रिवाजाप्रमाणे ती कमी फॉलोअर असलेल्या पक्षाने मागायची. ताईंना चारशे बारा कमी होते.

गादीच्या दुकानात कॅमेरा लागला. पहिल्या खेपेला ताई हसल्या. दुसऱ्या खेपेला धाकटी हसली. तिसऱ्या खेपेला रस्त्यावरून शिट्टीवाला गेला. चौथ्या आणि पाचव्या खेपेला ताईंचा चेहरा सावलीत गेला. सहाव्या खेपेला सगळं उत्तम जमलं, पण सल्लागारांना अजून एक हवी होती, हाताशी असलेली बरी म्हणून. “माझं चुकलं गं,” ताई सातव्यांदा म्हणाल्या.

धाकटीही दमली होती. ती म्हणाली, “जरा मनापासून म्हण ना.”

ताईंनी तिच्याकडे बघितलं. लोखंडी टेप उचलली, पिशवीत टाकली, आणि एकोणीस पावलं चालून परत आल्या.

सहावी खेप प्रसिद्ध झाली. तीन लाख बदाम. लोकांनी खाली डोळे पुसणारी तोंडं लावली आणि आपापल्या बहिणींना टॅग केलं. सहा फुटांची गादी रद्द झाली, कारण आता फट हीच जोडीची ओळख असल्याचं पाहणीत दिसून आलं होतं. सल्लागारांनी त्या फटीसाठी तिसरा पूरक ब्रँड आणला: दोन इंच जाडीचा, सहा रंगांतला लोड. नाव, ‘जिव्हाळा’. कापडी टेप धाकटीच्या दुकानात काचेच्या पेटीत ठेवली आहे.

शटरं पुन्हा पाठमोरी उघडतात. करार चालू आहे. अकराच्या आत तीन बदाम येतात, तीन जातात, एकही जास्त नाही. औषध लागू पडून ताईंचा खोकला केव्हाच गेला. तरी रोज पावणेअकराला त्या दुकानाच्या दारात येऊन दोनदा खोकतात, आणि समोर कापूस भरणारे हात तेवढ्यापुरते थांबतात. यजमानांनी एकदा म्हटलं, जाऊन ये की. ताई म्हणाल्या, तिने विचारलंय का?

इथवर वाचताना तुम्हालाही कुणीतरी आठवलंच असेल. तुम्ही ही गोष्ट त्या माणसाला पाठवाल, खाली तीन बदाम जोडाल, आणि तिकडून वाचल्याची खूण आली का ते दिवसभर बघाल. फोन तर हातातच असेल. पण तो लावू नका. कलम नऊ.